दानपेटी आणि तिच्यामागचा माणूस

(असाध्य व्याधीने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेसाठी रस्त्यावर निधी गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांविषयीच्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नगरच्या कापड बाजारात पाऊल ठेवायला जागा नसते. त्या गर्दीच्या तोंडाशी छातीवर ओळखपत्र लावून, हातात मोहोरबंद डबा घेऊन एखादा मनुष्य उभा राहिला, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मनात प्रथम येते ती शंका. हा कोण, कोणाचा, हे पैसे जातात कोठे? लागलीच नजर दुसरीकडे वळते आणि पावले थोडी भरभर पडू लागतात. डबा धरणाऱ्या माणसाची स्थितीही याहून फारशी निराळी नसते. चारचौघांत हात पसरण्याची लाज त्यालाही वाटतच असते. ओळखीचा माणूस समोरून येताना दिसला की, डबा पाठीमागे घ्यावा, असे पहिल्या दिवशी बहुतेकांना वाटते. शाळेत ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा गुरुजींना आणि चावडीवर ज्यांच्यापुढे इतर लोक हात जोडतात अशा सरपंचांना तर हे अधिकच जड जाते.

वास्तविक मागण्याची लाज ही आपल्या परंपरेला मुळीच साजेशी नाही. आपल्याच जिल्ह्यातील शिर्डी गावी साईबाबा रोज ठरलेल्या पाच घरी भिक्षेला जात असत. ती भाकरी द्वारकामाईत आणली जाई आणि तिच्यात गोरगरिबांचा व मुक्या जनावरांचाही वाटा असे. १९१८ मध्ये बाबांनी देह ठेवला. उत्सवात निघणारी भिक्षाझोळी मात्र आजही त्या प्रथेची आठवण देते. गाडगे महाराजांनी गावोगाव कीर्तने करून लाखो रुपये उभे केले, त्यांतून धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः मात्र फाटक्या गोधडीत आणि मडक्याच्या खापरात आयुष्य काढले. १९५६ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या कर्करोग्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. खेड्यातून मुंबईला उपचारासाठी गेलेल्या माणसाला डॉक्टरांच्या खालोखाल या धर्मशाळेचे नाव स्मरते, यात नवल नाही.

दानाचा दुसरा एक प्रकारही याच जिल्ह्याच्या मातीतला आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव. त्यांच्याच नावाने २०२४ पासून हा जिल्हा अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. त्यांनी आपल्या खासगीच्या उत्पन्नातून देशभर घाट, विहिरी आणि अन्नछत्रे उभारली. ते राजघराण्याचे दान होते. लोकशाहीत असा एकच मोठा हात राहिलेला नाही. शासन आपल्या तिजोरीतून करते ते दान नव्हे, कर्तव्य होय. आणि त्या कर्तव्याच्या कक्षेबाहेर जे उरते ते लहान हातांनीच भरून काढावे लागते.

लहान हातांची ही पद्धत जगात सर्वत्र आढळते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १८९१ मध्ये मुक्तिफौजेचा जोसेफ मॅकफी नावाचा एक कार्यकर्ता नाताळात गरिबांना जेवण कसे घालावे, या विवंचनेत होता. त्याने बंदरावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेवर एक मोठे पातेले टांगले आणि लोकांनी त्यात नाणी टाकली. त्याच मुक्तिफौजेचे बूथ रुग्णालय आपल्या नगर शहरात आहे आणि २०२० च्या कोरोना साथीत तेथे झालेली रुग्णसेवा आपणांपैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिली आहे. इंग्लंडमध्ये १९१२ साली राणी अलेक्झांड्रा हिच्या नावाने गुलाबाची कृत्रिम फुले रस्त्यावर विकून रुग्णालयांसाठी निधी जमविण्यात आला. छातीवर फूल किंवा कागदी निशाण लावून ‘आम्ही दिले’ असे दाखविण्याची प्रथा पुढे तेथे चांगलीच रुजली. आपल्या देशात १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र असलेल्या या जिल्ह्याला तो दिवस समजावून सांगण्याची गरज नाही. क्षयरोग निवारणाची तिकिटे अनेक वर्षे गांधी जयंतीपासून शाळाशाळांतून विकली गेली. डेन्मार्कमधील आयनर होलबोल या टपाल कारकुनाला सुचलेली ही युक्ती. नाताळच्या पत्रांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी एक जादा तिकीट लावावे आणि त्याचे पैसे आजारी मुलांना द्यावेत, एवढीच ती साधी कल्पना होती.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे, कारण समोर बसलेल्या मंडळींना ती मनातून ठाऊक आहे. निधी संकलनाला उद्दिष्ट नेमून दिले की, त्याचे स्वरूप पालटते. वरून आकडा येतो, तो तालुक्यांत वाटला जातो, तालुक्यातून शाळेपर्यंत आणि सजापर्यंत पोहोचतो. आणि मुदत संपत आली की गुरुजी किंवा तलाठी उरलेली रक्कम स्वतःच्या खिशातून भरून मोकळे होतात. हिशेब पुरा होतो, पण डबा रस्त्यावर गेलेलाच नसतो. निधीचा हेतू कितीही थोर असला, तरी अशा रीतीने जमलेल्या पैशात दात्याचे मन नसते. शिवाय ज्या कामासाठी पैसा हवा, त्या कामाची माहितीही लोकांपर्यंत पोहोचत नाही. असाध्य रुग्णांच्या सेवेच्या बाबतीत हे दुसरे नुकसान पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे.

ही सेवा म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने पाहावे लागेल. कर्करोग हाताबाहेर गेला, मूत्रपिंडे निकामी झाली, पक्षाघाताने माणूस वर्षानुवर्षे पडून राहिला, की रुग्णालयातून सांगण्यात येते, ‘आता घरी न्या.’ घरी न्या म्हणजे काय करा, हे मात्र कोणी सांगत नाही. रुग्णाला वेदना असतात, पाठीला शय्याव्रण पडतात, लघवीची नळी बदलावी लागते, जखमेला दुर्गंधी सुटते. वस्तीवरील घरात हे सारे बहुधा सुनेच्या किंवा पत्नीच्या माथी येते. रोग बरा होणार नाही हे मान्य करून त्याच्या यातना कमी करणे, रुग्णाचे आणि त्याच्या कुटुंबाचे उरलेले दिवस सुसह्य करणे, याला उपशामक सेवा म्हणतात. आणि अशा रुग्णांसाठी असलेल्या निवासी शुश्रूषागृहाला हॉस्पिस असे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगात ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज भासते आणि त्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांनाच ती मिळते.

या चळवळीचा आरंभही एका लहानशा देणगीनेच झाला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडमधून आलेला एक निर्वासित कर्करोगाने मृत्युपंथाला लागला होता. उपाहारगृहात वाढप्याचे काम करणारा हा ज्यू तरुण परक्या देशात एकटा होता. सिसिली साँडर्स या समाजसेविका त्याच्याजवळ येऊन बसत. मरणाऱ्या माणसांसाठी निराळे घर असावे, हा विचार त्या दोघांच्या बोलण्यातून आकाराला आला. मृत्यूपूर्वी तास्माने आपली पाचशे पौंडांची पुंजी बाईंच्या नावे ठेवली आणि त्या घराची एक खिडकी आपल्या नावाची असावी, अशी इच्छा व्यक्त केली. साँडर्स पूर्वी परिचारिका होत्या. पुढे त्या वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या आणि एकोणीस वर्षांनी, १९६७ मध्ये, सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उघडले. ती खिडकी तेथे आहे. दोनच वर्षांत तेथील परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या, कारण बहुतेकांना आपल्याच घरी डोळे मिटावेत असे वाटते. आज ब्रिटनमध्ये दरवर्षी मार्च महिन्यात हजारो स्वयंसेवक पिवळ्या डॅफोडिल फुलांची चिन्हे आणि डबे घेऊन स्थानकांबाहेर आणि बाजारांत उभे राहतात. मेरी क्यूरी यांच्या नावाच्या संस्थेने ही मोहीम १९८६ मध्ये सुरू केली.

योगायोग असा की, भारतातील पहिले हॉस्पिसही १९८६ मध्येच मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी स्थापन केलेले हे शांती आवेदना सदन रुग्णांकडून पैसे घेत नाही. पुण्याजवळ वारजे येथील केंद्र १९९७ पासून कर्करोग्यांची अशीच सेवा करीत आले आहे. परंतु अहिल्यानगर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. राज्यातील तो सर्वांत मोठा जिल्हा. त्यात १४ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५ लाखांवर होती. अकोल्याच्या डोंगरातील पाड्यापासून जामखेडपर्यंतचे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. एवढ्या विस्ताराला शहरातील एक इमारत कशी पुरणार? मरणासन्न माणसाला जीपमध्ये घालून इतक्या दूर नेणे हाच एक छळ ठरेल. तेव्हा सेवा घरी पोहोचली पाहिजे आणि ती पोहोचविणारी माणसे गावातली पाहिजेत.

हे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना जामखेडचे उदाहरण पुरेसे व्हावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अक्षरओळखही नसलेल्या, अनेकदा दलित वस्तीतल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, बालकांचे पोषण, क्षय आणि कुष्ठरोग यांचे काम या बायांनी हाताळले आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जी बाई बाळंतिणीची काळजी घेऊ शकते, ती शय्याव्रणाची मलमपट्टी करायला आणि रुग्णाची कूस बदलायला शिकू शकणार नाही काय?

केरळने या दिशेने पुढचे पाऊल टाकले. कोळिकोड येथे १९९३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात एक लहानसे वेदनाशमन केंद्र उघडले. १९९९ च्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यात गावोगाव शेजाऱ्यांची मंडळे उभी राहिली. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी यांनी थोड्या तासांचे प्रशिक्षण घेतले. ते आठवड्यातील काही वेळ रुग्णाच्या घरी जाऊन बसू लागले, आणि खर्चासाठी त्यांनी दुकानांच्या गल्ल्याशेजारी डबे ठेवले. मोठ्या देणगीदारामागे न धावता पुष्कळ लोकांकडून थोडे थोडे घ्यावे, हे त्यांनी धोरण म्हणूनच स्वीकारले. एका धनिकाचे मन फिरले तर काम बंद पडते. हजार डब्यांचे मन एकदम फिरत नाही. २००८ मध्ये त्या राज्याने या विषयावरील धोरण जाहीर केले आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिकेची जबाबदारी पंचायतींनी उचलली. केंद्र शासनाचा राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ चा. तीव्र वेदनेवरील मॉर्फिन हे औषध अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे डॉक्टरांनाही दुर्मिळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते मिळविणे सोपे झाले. औषध स्वस्त आहे, कायदा अनुकूल आहे. तरीही वाडीवरच्या रुग्णापर्यंत ते पोहोचत नसेल, तर अडसर बहुधा मधल्या वाटेचा असतो. परिचारिकेच्या गाडीचे पेट्रोल, पाण्याची गादी, पट्टीचे सामान, लघवीची नळी आणि पिशवी या बारीकसारीक गोष्टींवाचून काम अडते. डब्यातील नाण्यांचा उपयोग येथे होतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सार्वजनिक वर्गणी गोळा करावयाची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, हे गणेशोत्सव मंडळांना चांगले माहीत आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ क हे त्यासाठीच आहे. नोंदणीकृत संस्थेच्या नावानेच डबा काढावा, त्यावर नोंदणी क्रमांक ठळक असावा आणि डब्याला अनुक्रमांक असावा. झाकणावरील मोहोर स्वयंसेवकाने स्वतः कधीही तोडू नये. सायंकाळी डबा संस्थेत परत जावा, किमान दोन जणांसमक्ष उघडावा, रक्कम मोजून तेथल्या तेथे लिहावी आणि दोघांनीही सही करावी. शक्य असेल तर त्यांतील एक व्यक्ती संस्थेबाहेरची, बँकेतील किंवा शाळेतील असावी. मोठी रक्कम देणाऱ्यास पावती द्यावी. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हेही त्याला आधीच सांगावे. अलीकडे डब्यावर क्यूआर कोड चिकटविला जातो. त्याची सोय मोठी आहे, मात्र तो संस्थेच्याच खात्याचा आहे की कोणी वरून दुसरा चिकटविला आहे, याची रोज सकाळी खातरजमा केली पाहिजे. गावात महिन्याचा जमाखर्च पंचायतीच्या फलकावर लावावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. एका गावात एकदा जरी या पैशाविषयी कुजबुज झाली, तरी पुढची दहा वर्षे तेथे कोणाचाच डबा फिरू शकणार नाही, आणि त्याची किंमत त्या गावातला अंथरुणावरचा माणूस मोजील.

डबा खुळखुळवू नये, वाट अडवू नये, ‘नाही’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये. माळीवाडा किंवा तारकपूरच्या स्थानकावर उभे राहावयाचे तर आगारप्रमुखांना आधी भेटावे. कांद्याच्या लिलावाच्या दिवशी बाजार समितीत शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडण्यापूर्वी त्याच्यापुढे जाऊ नये. भाव कोसळलेला असेल त्या दिवशी तर मुळीच जाऊ नये. लहान मुलांना डबे देऊन रस्त्यावर पाठविण्याची हौस काही शाळांना असते. ती सोडलेली बरी. पैशाची जोखीम मुलांवर टाकणे योग्य नव्हे आणि मुलाच्या तोंडाकडे पाहून दिलेले पैसे हे एक प्रकारे भिडेचेच असतात. मुलांनी निबंध लिहावेत, फलक रंगवावेत. डबा मोठ्यांनी धरावा.

मोठ्यांनीच धरावा याला आणखी एक कारण आहे, आणि या कामातील सर्वांत अवघड भाग तोच आहे. तासभर उभे राहिले की एखादी बाई नाणे टाकते आणि पुढे न जाता तेथेच घोटाळते. डब्यावरील अक्षरे पुन्हा वाचते. मग हळूच विचारते, ‘दादा, हे घरी येऊन बघतात का हो?’ तिच्या घरी सासरा किंवा नवरा पडून असतो. भावकीला सांगितलेले नसते, कारण कर्करोग हा शब्द उच्चारला तर मुलीचे लग्न अडेल, रोग लागेल, असे अजूनही अनेक घरांत मानले जाते. कित्येकदा खुद्द रुग्णालाही रोगाचे नाव कळू दिलेले नसते. जे तिने आशाताईंना सांगितले नाही, उपकेंद्रात सांगितले नाही, ते ती रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला सांगते. कदाचित तो अनोळखी आहे म्हणूनच सांगते. त्या वेळी डबा धरणाऱ्याने काय करावे? मोठा आवाज करू नये, सांत्वनाचे भाषण करू नये, रोग बरा होईल असे आश्वासन तर कदापि देऊ नये. गाव, वाडी आणि निरोप कोणत्या वेळी पोहोचवावा एवढे तिच्या परवानगीने चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि ती चिठ्ठी त्याच दिवशी परिचारिकेच्या हाती पडेल असे पाहावे. हे साधले तर त्या दिवशी डब्यात शंभर रुपये जमले की हजार, याला फारसे महत्त्व उरत नाही. उलट चिठ्ठी खिशात विसरली, आठ दिवसांनी सापडली आणि तोवर रुग्ण वेदनेतच गेला, असे घडले तर डबा कितीही भरला असला तरी काम बिघडलेच म्हणायचे. म्हणून ज्या गावात घरी जाणारी परिचारिका अद्याप नाही, तेथे नुसता डबा फिरविण्याची घाई करू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलणे, गावातील दोन-तीन व्यक्तींचे प्रशिक्षण करून घेणे, जवळचे मॉर्फिन मिळणारे मान्यताप्राप्त रुग्णालय शोधून ठेवणे, ही कामे पंचायतीने प्रथम हाती घ्यावीत. डबा त्यानंतर काढावा.

पुढे रुग्ण जातो. दहावा, तेरावा होतो. त्यानंतर केव्हा तरी घरातील कोणीतरी पाण्याची गादी परत आणून देते. सोबत कधी उरलेल्या पट्ट्यांचे पुडके असते, कधी तेराव्याच्या खर्चातून वाचविलेली पन्नास-शंभराची नोट असते. गादी धुऊन उन्हात वाळत घातली जाते, गळती नाही ना हे पाहिले जाते आणि ती दुसऱ्या घरी रवाना होते. नोंदवहीत त्याची एकच ओळ असते: गादीचा क्रमांक, कोणत्या वाडीवरून आली आणि कोणत्या वाडीला गेली.